कण भिंतीत किती वेळ असतो? – गतवर्षीच्या एका उत्तराची दुरुस्ती

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



विज्ञानातील एखादा विषय घेऊन मुलांशी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस यंदाही केली. एरवी आम्ही वयाची सबब पुढे करून ती टाळली असती. परंतु या व्यासपीठावर आमची गेल्या वर्षीची एक बाकी राहून गेलेली आहे. ती फेडण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

गेल्या वर्षी आम्ही येथे अणूविषयी बोललो. बोलण्याच्या ओघात आम्ही असे सांगितले की अणूच्या जगात एखादा कण, ओलांडण्यापुरती शक्ती अंगी नसतानाही, भिंतीपलीकडे निघून जातो आणि शास्त्रज्ञ या प्रकारास ‘टनेलिंग’, म्हणजे बोगदा-परिणाम, असे म्हणतात. व्याख्यान संपल्यावर नववीतील एक विद्यार्थिनी उठली व म्हणाली, “पुण्याला जाताना घाटात बोगदा आला की आम्ही अंधार झाल्यापासून उजेड येईपर्यंत आकडे मोजतो. तसे या कणाचे किती आकडे होतात?” सभा हसली. आम्हीही हसलो आणि म्हणालो, “बाळ, त्याला वेळच लागत नाही.” टाळ्या पडल्या, मुलगी खाली बसली आणि कार्यक्रम पुढे चालू झाला.

घरी गेल्यावर मात्र ते उत्तर आमच्या मनास बोचू लागले. पस्तीस वर्षे आम्ही भौतिकशास्त्र शिकविले. बोगदा-परिणामाची समीकरणे फळ्यावर किती वेळा मांडली असतील याची गणती नाही. पण तो प्रश्न आम्हांस कोणा विद्यार्थ्याने कधी विचारला नव्हता आणि आम्हीही तो स्वतःस कधी विचारला नव्हता. वर्षभर वाचन केले, तेव्हा असे आढळून आले की ज्या प्रश्नावर आम्ही हशा मिळविला, त्याच प्रश्नाने पदार्थविज्ञानातील थोर थोर मंडळींना सुमारे शंभर वर्षे जागे ठेवले आहे. आमचे उत्तर घाईचे होते, आणि ज्या अर्थाने ते दिले त्या अर्थाने चुकीचे होते. त्याची दुरुस्ती जेथे चूक झाली तेथेच, म्हणजे आपल्या सर्वांसमक्ष, करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. ज्ञानेश्वर माउलींनी चांगदेवांच्या भेटीस जाण्यासाठी भिंत चालविली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे भिंत जागची हालत नाही. कणच तिच्या पलीकडे सापडतो. टेकाडाच्या दिशेने चेंडू घरंगळत सोडला आणि माथा गाठण्याइतका जोर त्यात नसला, तर तो अर्ध्या चढणीवरून परत येणार, हे लहान मूलही सांगेल. पण इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांसारखे सूक्ष्म कण केवळ चेंडूसारखे वागत नाहीत. ते लाटेसारखेही वागतात. लाट भिंतीशी आली म्हणजे तेथेच एकदम संपत नाही. ती भिंतीत शिरते व क्षीण होत जाते. अमुक अंतरावर अर्धी, पुन्हा तितक्याच अंतरावर अर्ध्याची अर्धी. ती फार लवकर ओसरते, पण शून्य होत नाही. भिंत पुरेशी पातळ असली तर लाटेचा लेशमात्र अंश पलीकडे पोहोचतो. तो अंश म्हणजे कण पलीकडे सापडण्याची शक्यता. कोणी बोगदा खणलेला नाही. नाव मात्र बोगद्याचे पडले.

१९२७ साली जर्मनीतील फ्रीडरिख हुंट यांच्या ध्यानी हा प्रकार रेणूंचा विचार करताना प्रथम आला. पुढल्याच वर्षी जॉर्ज गॅमो यांनी, आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी, युरेनियमसारख्या मूलद्रव्यांतून अल्फाकण कसे निसटतात याचा उलगडा याच कल्पनेने केला. ही काही पुस्तकातली गंमत नव्हे. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे, तरी दोन प्रोटॉनांमधील प्रतिकर्षणाची भिंत केवळ जोराने ओलांडण्यास तेवढी उष्णता पुरत नाही. त्या भिंतीतून ते पार होतात, म्हणून सूर्य तेवतो. आपल्या खिशातील मोबाइलमध्ये छायाचित्रे साठविली जातात, तीही इलेक्ट्रॉनांना काही नॅनोमीटर जाडीच्या विद्युत्‌रोधक थरातून असेच पार नेऊन. २०२५ साली जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे व जॉन मार्टिनिस यांना नोबेल पारितोषिक मिळाले; हाताने उचलता येईल अशा विद्युत्‌मंडलातही हाच परिणाम घडतो हे दाखविल्याबद्दल.

आता प्रश्नाकडे वळू. पहिली गफलत अशी की पुष्कळ जण ‘वाट पाहण्याचा काळ’ आणि ‘पार होण्याचा काळ’ एकच समजतात. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. पोलोनियम-२१२ चा एका सेकंदाच्या दशलक्षांश भागापेक्षाही कमी, म्हणजे सुमारे ०.३ मायक्रोसेकंद. दोघांच्या अल्फाकणांच्या ऊर्जेत फरक म्हणाल तर सुमारे दुपटीचाच, पण काळात केवढे अंतर! तथापि युरेनियमचा अल्फाकण ४४७ कोटी वर्षे भिंतीत अडकून पडलेला असतो असे मात्र कोणी समजू नये. तो भिंतीच्या अलीकडे असतो आणि एका सेकंदात अब्जाच्या अब्जाहूनही अधिक वेळा तिच्यावर आदळत असतो. क्वचित एखाद्या वेळी पलीकडे सापडतो. कचेरीच्या दाराशी तिष्ठत बसण्याचा काळ निराळा आणि उंबरठा ओलांडण्याचा काळ निराळा. त्या विद्यार्थिनीने विचारले होते ते उंबरठ्याविषयी.

मग उंबरठ्याचा काळ मोजण्यास अडचण कोणती? अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे सूत्र आपण शाळेत शिकलो. पण भिंतीत कणाची एकूण ऊर्जा भिंतीच्या उंचीहून कमी असते. म्हणून जुन्या नियमाने हिशेब केला तर वेगाचा वर्ग ऋण येतो. ज्या वेगाचा वर्गच ऋण, त्याने अंतरास भागणार कसे? सूत्र येथे मुके होते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली आणि बोगदा आला की आपण ‘एक’ म्हणतो. उजेड दिसला की थांबतो. हे घड्याळ चालते, कारण आपण गाडीत अमुक एका बाकावर बसलेले असतो आणि ते बाक अमुक एका क्षणी अंधारात शिरते. कणाचे तसे नाही. त्याची लाट पसरलेली असते. तिचा पुढचा भाग भिंतीशी पोहोचतो तेव्हा मागचा भाग अजून दूर असतो. शिवाय ‘तो आता शिरला’ हे पाहण्यासाठी दाराशी पहारेकरी ठेवला, तर त्या पाहण्यानेच लाट विसकटते आणि जे मोजायचे तेच बदलून जाते. पुंजयामिकीत स्थान, संवेग, ऊर्जा यांच्या मोजणीसाठी नेमकी गणिती साधने आहेत. ‘येथे किती वेळ होता’ यासाठी तसे एकच सर्वमान्य साधन नाही. तेव्हा प्रश्न दिसायला सोपा असला, तरी तो विचारण्याच्या रीती अनेक आहेत.

पहिली रीत अशी की लाटेच्या शिखरावर नजर ठेवायची. शिखर अलीकडे केव्हा आले व पलीकडे केव्हा निघाले ते पाहायचे. १९३२ साली मॅक्कॉल यांनी हा हिशेब केला व म्हटले की भिंत पार करण्यात सांगण्यासारखा विलंब होत नाही. गेल्या वर्षीच्या आमच्या उत्तराचे मूळ येथेच आहे. १९६२ साली थॉमस हार्टमन यांनी अधिक बारकाईने गणित मांडले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. भिंत जाड होत गेली तरी हा विलंब एका मर्यादेपुढे वाढत नाही. याचा अर्थ, भिंत हवी तेवढी जाड घेतली तर शिखर प्रकाशाहूनही वेगाने पलीकडे गेल्यासारखे दिसेल! प्रकाशाहून वेगाने काही संदेश जाऊ शकत नाही, हा तर आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेचा पाया. आता करावे काय?

हा प्रकार केवळ कणांत नव्हे, प्रकाशाच्या लाटांतही घडतो आणि त्याच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस यांनी १८९७ साली, म्हणजे पुंजयामिकीच्या जन्माआधी, विद्युत्‌लहरींवर असा प्रयोग केला. काचेतून हवेत जाऊ पाहणारी लाट विशिष्ट कोनाहून अधिक तिरपी आली म्हणजे पूर्ण परावर्तित होते. पण अगदी जवळ दुसरी काच आणून ठेवली, तर मधल्या हवेच्या फटीतून लाटेचा काही अंश पलीकडे निघतो. ती फट म्हणजेच भिंत. तिची जाडी वाढवीत नेली म्हणजे पार होणारा अंश कसा घटतो, याचा अभ्यास बोस यांनी केला. कण आणि लाट, दोहोंचे गणित येथे एकाच मार्गाने जाते. म्हणून काळाचा प्रश्नही दोघांचा एकच.

याच लहरींवर प्रयोग करून १९९० च्या दशकात जर्मनीतील कोलोनचे प्राध्यापक ग्युंटर निम्त्स यांनी मोझार्टची ४० वी सिंफनी अशा भिंतीतून पाठविली आणि ती प्रकाशाच्या ४.७ पट वेगाने गेली असे प्रतिपादन केले. पुष्कळ खळबळ माजली. त्याआधी, १९९३ साली, अमेरिकेत बर्कली येथे एफ्राइम स्टाइनबर्ग, पॉल क्विआट व रेमंड चिआओ यांनी प्रकाशाचा एक एक कण सुमारे १.१ मायक्रोमीटर जाडीच्या भिंतीवर सोडून पाहिला होता. शंभरात सुमारे एक कण पार होई. आणि तो, तेवढेच अंतर मोकळ्या वाटेने आलेल्या जोडीदारापेक्षा सरासरीने सुमारे दीड फेम्टोसेकंद आधी पोहोचलेला आढळे. मोजणी खरी होती. प्रश्न तिच्या अर्थाचा होता.

अर्थ समजण्यास आपण एक दृष्टांत घेऊ. समजा, मैलभर लांबीची एक दिंडी एका गावाच्या वेशीकडे चालली आहे. वेशीवरच्या राखणदाराने आघाडीची थोडी मंडळी आत घेतली व बाकीच्यांना मागे फिरविले. गावात बसलेला मनुष्य ‘दिंडीचा मध्य केव्हा पोहोचला’ हे मोजू लागला, तर त्याच्या हाती लागेल तो आत आलेल्या थोड्या मंडळींचा मध्य. मूळ दिंडीचा मध्य त्या वेळी वेशीपासून अर्धा मैल मागेच असेल. हिशेबात दिंडी वेळेआधी पोहोचली. पण एकही वारकरी धावला नाही. कण हा वारकऱ्यांचा जमाव नव्हे, तेव्हा हे साम्य पुरेपूर आहे असा आमचा दावा नाही. पण मुद्दा तोच आहे: अलीकडले शिखर आणि पलीकडले शिखर ही एकाच वस्तूची दोन दर्शने आहेत, हे गृहीत धरण्यातच चूक होते. आणि लाटेची अगदी पहिली कड, जिच्यामुळे एखादी वार्ता प्रथम कळते, ती प्रकाशाच्या वेगाला मागे टाकू शकत नाही, हे झोमरफेल्ट व ब्रिल्युएँ यांनी १९१४ सालीच सिद्ध करून ठेवले होते. सापेक्षतेस धक्का लागला नाही.

तात्पर्य, ‘शिखर केव्हा पोहोचले’ आणि ‘कण आत किती वेळ होता’ हे दोन प्रश्न भिन्न होत. दुसऱ्या प्रश्नासाठी असे घड्याळ हवे की जे फक्त भिंतीच्या आत चालेल व बाहेर बंद राहील. अशी युक्ति सोव्हिएत शास्त्रज्ञ बाझ यांनी १९६६ च्या सुमारास सुचविली व रिबाचेंको यांनी ती बोगदा-परिणामास लावली. पुष्कळ कणांच्या अंगी सूक्ष्म चुंबकाचा व भोवऱ्याचा गुण असतो. चुंबकीय क्षेत्रात असा कण ठेवला म्हणजे त्याचा आस ठरावीक गतीने फिरू लागतो. कलता भोवरा डोलत फिरतो तसा. आता हे क्षेत्र फक्त भिंतीच्या आत ठेवायचे. पार झालेल्या कणाचा आस किती अंशांनी फिरला हे बाहेर पाहायचे. जितका अधिक फिरला, तितका तो आत राहिला. घड्याळ कणाने स्वतःच्या अंगावर बांधून नेले, म्हणा ना! १९८३ साली मार्कुस ब्युटिकर यांनी त्यात एक बारकावा दाखविला: भोवरा केवळ फिरत नाही, तो क्षेत्राच्या दिशेने झुकतोही. म्हणून या घड्याळाला एक नव्हे, दोन काटे आहेत. आणि त्या दोहोंचा अर्थ निरनिराळा आहे.

कागदावरील हे घड्याळ प्रत्यक्षात बांधण्यास पुष्कळ वर्षे लागली. १९९३ च्या प्रयोगातील तरुण संशोधक स्टाइनबर्ग पुढे कॅनडातील टोरांटो येथे प्राध्यापक झाले आणि २०२० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बांधले. त्यांनी रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या केवळ काही अब्जांश अंश वर असलेल्या तापमानापर्यंत थंड केले. या अवस्थेच्या नावात सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव आइन्स्टाइन यांच्या नावाशी जोडलेले आहे, हे येथील मुलांनी ध्यानात ठेवावे. मग प्रकाशाच्या झोताची १.३ मायक्रोमीटर जाडीची भिंत उभी करून ते अणू तिच्यावर संथपणे सोडले. पार झालेल्या अणूंचे भोवरे पाहिले. उत्तर आले ०.६१ मिलिसेकंद, त्यात चूक-भूल ०.०७ ची. म्हणजे एका सेकंदाचा सुमारे सोळाशेवा भाग. पापणी लवण्याहून पुष्कळ कमी, पण शून्य खचित नव्हे. पुढल्या वर्षी याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखविली. अणूची ऊर्जा जितकी कमी, म्हणजे भिंत त्याच्या मानाने जितकी दुर्लंघ्य, तितका पार झालेला अणू आत कमी वेळ राहिलेला आढळतो! व्यवहारातल्या अनुभवाच्या हे उलट आहे. पण सिद्धांताने हेच भाकीत केले होते.

आता कोणी म्हणेल, “मग प्रश्न मिटला.” तसे नाही. दुसऱ्या एका घड्याळाने निराळेच सांगितले. तीव्र लेसर-प्रकाशाचे विद्युत्‌क्षेत्र घड्याळाच्या काट्याप्रमाणे गरगर फिरविता येते. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात हा काटा सुमारे २.७ फेम्टोसेकंदांत एक फेरा पुरा करतो; म्हणजे एक अंश फिरण्यास सुमारे साडेसात अ‍ॅटोसेकंद. अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग. विश्वाच्या आरंभापासून आजवर जितके सेकंद लोटले, त्याच्या दुपटीहून अधिक अ‍ॅटोसेकंद एका सेकंदात मावतात. हे क्षेत्र अणूभोवतालची भिंत एका बाजूने पातळ करते आणि इलेक्ट्रॉन तिच्यातून निसटतो. तो ज्या दिशेने उडतो त्यावरून काटा तेव्हा कोठे होता, हे ताडता येते. झुरिकमध्ये २००८ साली हीलियमवर असा प्रयोग झाला. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सर्वांत साधा अणू जो हायड्रोजन, त्यावर तो केला व निष्कर्ष काढला की विलंब असलाच तर १.८ अ‍ॅटोसेकंदांहून अधिक नाही. म्हणजे जवळजवळ शून्यच.

एकीकडे ०.६१ मिलिसेकंद, दुसरीकडे जवळजवळ शून्य. खरे कोण? आमच्या समजुतीप्रमाणे दोघेही. एका प्रयोगात जड अणू व रुंद भिंत, दुसऱ्यात हलका इलेक्ट्रॉन व अणूएवढीच भिंत, हा फरक तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचा फरक प्रश्नाचा आहे. भोवऱ्याचे घड्याळ विचारते, “पार झालेल्याचा भिंतीशी सहवास किती घडला?” लेसरचे घड्याळ विचारते, “भिंतीपायी त्याच्या निघण्यास उशीर किती झाला?” बोरघाटाच्या बोगद्यात या दोन प्रश्नांचे उत्तर एकच येते, म्हणून ते दोन आहेत हे आपल्या कधी ध्यानात येत नाही. अणूच्या जगात ते वेगळे होतात. तज्ज्ञांत अजूनही वाद आहे तो मुख्यतः यापैकी कोणत्या काळास ‘पार होण्याचा काळ’ म्हणावे, याविषयी. समीकरणांविषयी त्यांचे दुमत नाही.

असो. आता आम्ही त्या विद्यार्थिनीस नीट उत्तर देतो. ती यंदा दहावीत आहे आणि आज याच सभागृहात बसली आहे, असे चिटणीसांनी आम्हांस सांगितले. बाळ, ‘वेळच लागत नाही’ हे आमचे उत्तर बरोबर नव्हते. भिंतीत घालविलेला काळ मोजता येतो, तो मोजला गेला आहे, आणि टोरांटोच्या अणूंपुरता तो एका सेकंदाचा सोळाशेवा भाग आहे. मात्र तुझे आकडे कोणत्या घड्याळाने मोजायचे, हे आधी सांगावे लागते. कारण घड्याळ बदलले की प्रश्न बदलतो आणि प्रश्न बदलला की आकडाही बदलतो. तू विचारलेस ते पोरकट नव्हते. हसलो ते आम्ही चुकलो.

कार्यकारी मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. आपले मंडळ दरवर्षी गुणवंत मुलांना पारितोषिके देते, गरजूंना शिष्यवृत्त्या देते, हे भूषणावह आहे. पण आपल्या सभांतून आणि घरांतूनही मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला, की वडीलधारी माणसे त्यास एखाद्या वाक्याने खाली बसवितात. आम्ही हेच केले. म्हणून हे बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे. पुढील वर्षापासून व्याख्यानानंतर निदान अर्धा तास फक्त विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा; ज्याचे उत्तर वक्त्यास येत नसेल तो प्रश्न वहीत टिपून घ्यावा आणि त्याचे उत्तर पुढल्या वर्षी येथेच द्यावे. त्या वहीतील पहिले पान आज भरले, असे आम्ही धरून चालतो.